मार्कर आणि पेनांनी बारीक रेखाचित्रं रंगवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नक्षी, पानं-फुलं, मंडल, शहरांची दृश्यं अशी बारकाव्यांनी भरलेली चित्रं बिघडतात ती क्वचितच रंगांची निवड चुकल्यामुळे. शाई त्या क्षणी किती ओली आहे आणि कागद तिला कुठे ओढून नेतोय, इकडे लक्ष नसतं म्हणून बिघडतात. खालची बरीच उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतात.

अल्कोहोल मार्कर, स्केचपेन आणि अ‍ॅक्रिलिक मार्कर यांत नेमका फरक काय?

अल्कोहोल मार्करचा रंग अल्कोहोलमध्ये विरघळलेला असतो. शाई कागदात शिरते, काही सेकंदांत वाळते, आणि वरून पुन्हा मार्कर फिरवला की आधीचा थर परत विरघळतो. त्यामुळे मोठा सपाट भाग एकसारखा भरता येतो आणि दोन छटा एकमेकींत मिसळतात. पण याच स्वभावामुळे शाई रेषेबाहेर पसरते आणि पानाच्या मागे उतरते.

स्केचपेनची शाई पाण्याची. ती हळू वाळते आणि दुसरा हात फिरवला की पट्टा दिसतो. मात्र तिची धार स्वच्छ राहते आणि ती सहसा मागे उतरत नाही. बारीक चित्रासाठी हे दोन्ही गुण मोलाचे आहेत, तेव्हा स्केचपेन शाळेतल्या मुलांचे म्हणून बाजूला सारू नका.

अ‍ॅक्रिलिक मार्करमध्ये रंगद्रव्याचे कण असतात. रंग कागदात न शिरता वर बसतो, अपारदर्शक असतो, म्हणून गडदावरही फिकट रंग चढतो. तोटा उघड आहे: छापलेली रेषही त्याखाली झाकली जाते. मोठी पार्श्वभूमी आणि वरून काढायच्या टिंबांसाठी तो उत्तम, बारीक कप्पे भरायला नाही.

कागद कोणता घ्यावा?

पानं सुटी छापून घेणार असाल तर अल्कोहोल मार्करसाठी गुळगुळीत आणि जाड कागद घ्या, साधारण १६० ते २५० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). खरखरीत कागदावर निब झिजतो आणि खोलगट जागा पांढऱ्या राहतात. ऑफिसातला ७० किंवा ८० जीएसएमचा कागद शाई अधाशासारखी पितो. रंग फुटतो, मागे उतरतो, आणि मार्करही लवकर रिकामा होतो.

खास ‘मार्कर पेपर’ मात्र ७० जीएसएमच्या आसपासच असतो. त्याच्या पाठीवर शाई अडवणारा लेप असतो, त्यामुळे तो पातळ असूनही चालतो. त्यावर शाई जास्त वेळ पृष्ठभागावर राहते आणि मिश्रण सोपं जातं, पण हात लागला तर पुसटही होते.

स्केचपेनसाठी जाडीइतकीच मजबुतीही बघा. ओल्या कागदावर एकाच जागी तीन-चारदा निब घासला की वरचे तंतू सुटून बारीक गोळ्या निघू लागतात. एकदा गोळ्या निघाल्या की ती जागा दुरुस्त होत नाही. हात तिथेच थांबवा, पूर्ण वाळू द्या आणि सुटे तंतू कोरड्या ब्रशने झटका. बोटाने घासू नका.

सपाट रंग भरताना पट्टे का पडतात?

वाळलेल्या कडेवर ओली कड चढते म्हणून. जिथे दोन थर एकावर एक येतात तिथे रंग गडद होतो. उपाय एकच, पुढे जाताना मागची कड ओली ठेवायची.

अल्कोहोल मार्करने असं करा: आधी कप्प्याच्या आतून कडेकडेने एक फेर घ्या. तो वाळायच्या आत एका टोकापासून छोटे गोल किंवा एकाच दिशेचे आखूड फटकारे देत मध्यभाग भरा, आणि प्रत्येक फटकारा आधीच्यावर साधारण एक तृतीयांश चढू द्या. मध्येच फोन उचलायला थांबलात तर थांबल्याची खूण राहते. मोठा भाग असेल तर त्यातली एखादी नैसर्गिक रेघ, दुमड किंवा पाकळीची शीर शोधून तिथेच थांबा. पहिला थर भरून झाल्यावर डागाळलेला दिसला तरी घाबरू नका. पूर्ण वाळल्यावर त्याच रंगाचा दुसरा थर दिला की बहुतेक डाग एकसारखे होतात.

स्केचपेनला हा उपाय लागू पडत नाही. त्याची शाई वाळल्यावर पुन्हा नीट विरघळत नाही, म्हणून थर वाढवला की पट्टा वाढतो. एकाच दिशेने, रेघेला रेघ जेमतेम टेकवत भरा. कप्पा लांबट असेल तर त्याच्या लांबीच्या दिशेने. पट्टे लपवण्याऐवजी त्यांना पानाच्या शिरांची किंवा केसांची दिशा देणं जास्त शहाणपणाचं.

अल्कोहोल मार्करचा रंग रेषेबाहेर जातोच. काय करावं?

रेषेपर्यंत जाऊच नका. शाई टेकल्यानंतरही पुढे सरकते, म्हणून रेषेच्या आत साधारण १ मिलिमीटर जागा सोडा आणि एक क्षण बघा. बहुतेक कागदांवर ती जागा आपोआप भरते. नाही भरली तर बारीक टोकाने नंतर भरता येते.

दाब आणि वेग या दोन गोष्टी इथे ठरवतात. निब जितका वेळ एका जागी टेकलेला, तितकी शाई जास्त. कोपऱ्यात निब दाबून थांबण्याची सवय बहुतेकांना असते, आणि बाहेर जाणारा रंग बहुधा कोपऱ्यातूनच जातो. कोपऱ्याकडून सुरुवात करून हात मध्याकडे उचलत आणा. नवा, शाईने गच्च भरलेला मार्कर असेल तर आधी रद्दी कागदावर चार रेघा मारा.

दोन छटा एकमेकींत कशा मिसळायच्या?

अल्कोहोल मार्करने तीन रीती चालतात.

पहिली, सगळ्यात भरवशाची: फिकट छटा संपूर्ण कप्प्यात भरा. ती ओली असतानाच जिथे सावली हवी तिथे मध्यम छटा लावा आणि तिच्या कडेवर फिकट मार्कर गोल फिरवा. मग सगळ्यात कमी जागेत गडद छटा, आणि तिच्या कडेवर मध्यम. शेवटी एकदा फिकट मार्कर सगळीकडून. जोड नेहमी दोनपैकी फिकट मार्करनेच पुसायचा. गडद मार्करने पुसायला गेलात तर सावली पसरत जाते आणि उजेडाची जागा संपते.

दुसरी, फटकाऱ्याची: निब सावलीच्या टोकाला टेकवायचा आणि झाडू मारल्यासारखा उचलत न्यायचा. रेघ सुरुवातीला जाड आणि शेवटी विरळ होते. समोरच्या टोकाकडून दुसऱ्या छटेचे असेच फटकारे, मध्ये एकमेकांत गुंतवलेले. पाकळ्या आणि पिसांसाठी ही रीत छान, आणि स्केचपेनच्या ब्रश टोकानेही जमते.

तिसरी, टोकाला टोक: फिकट मार्करच्या निबावर गडद मार्करचं टोक दोन-तीन सेकंद धरा. आता फिकट मार्करने रेघ काढली की ती गडद सुरू होऊन हळूहळू फिकट होते. ५ ते १० मिलिमीटरच्या कप्प्यांत, जिथे तीन मार्कर फिरवायला जागाच नाही, तिथे याच्याइतकं सोयीचं काही नाही. काम झाल्यावर रद्दीवर रेघा मारा, निब पुन्हा मूळ रंगावर येतो.

छटा निवडताना शेजारच्या घ्या. कॉपिक या जपानी ब्रँडच्या अल्कोहोल मार्करवर याची सोय क्रमांकातच आहे: अक्षर रंगाचं कुटुंब सांगतं, पहिला आकडा रंग किती मळकट हे सांगतो आणि शेवटचा किती गडद ते. बी २१, बी २३, बी २६ हे एकमेकांत सहज उतरतात. इतर कंपन्यांचे क्रमांक असे अर्थपूर्ण असतीलच असं नाही, तिथे स्वतःचा तक्ता करावा लागतो.

रंगहीन ब्लेंडर म्हणजे खोडरबर का?

नाही. त्यात रंगाविना नुसता द्रव असतो. तो आधीच्या शाईला विरघळवून पुढे ढकलतो, उचलत नाही. त्याचे उपयोग दोन: कडा विरळ करणं, आणि बाहेर गेलेला रंग परत रेषेकडे ढकलणं. दोन छटा मिसळायला तो घेऊ नका, मध्ये फिकट डाग पडतो. त्यासाठी फिकट छटाच बरी.

मार्कर, रंगीत पेन्सिल, जेल पेन एकाच चित्रात वापरायचे तर क्रम काय?

आधी अल्कोहोल मार्कर, मग फाइनलायनर (अगदी बारीक टोकाचा रेघा काढायचा पेन) किंवा स्केचपेन, मग रंगीत पेन्सिल, सगळ्यात शेवटी जेल पेन आणि पांढरे ठिपके.

क्रम उलटला तर काय होतं ते लक्षात ठेवा, म्हणजे पाठ करावा लागत नाही. पेन्सिलीच्या मेणावरून मार्कर फिरवला की मेण निबाच्या तंतूंत अडकतं आणि पुढची प्रत्येक रेघ मळकट येते. जेल पेनवरून मार्कर गेला की जेल फासलं जातं आणि निबही रंगतो. मेणकट थरावर जेल पेनच्या टोकाची गोळीही घसरते. पेन्सिलीवर जेल चढवायचंच असेल तर तिथे पेन्सिल हलक्या हाताने चालवा.

दोन-तीन मिलिमीटरचे कप्पे कसे भरायचे?

मार्करने भरायचे नाहीत, हे पहिलं उत्तर. फाइनलायनर किंवा ०.४ मिलिमीटर टोकाचा रंगीत पेन घ्या. आधी आतून कड, मग मध्य, आणि पेन उभा धरून. आडवा धरला की टोकाची धातूची नळी शेजारच्या ओल्या कप्प्याला घासते.

पेनावरच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नका. पिग्मा मायक्रॉन या फाइनलायनरमध्ये ‘००५’ म्हणजे ०.०५ नव्हे, तर सुमारे ०.२० मिलिमीटर रेघ. ‘०१’ म्हणजे ०.२५ आणि ‘०५’ म्हणजे ०.४५. दुसऱ्या कंपनीचा ‘०.१’ हाताशी घेतला तर रेघ वेगळी येऊ शकते.

अल्कोहोल मार्करच वापरायचा असेल तर भरू नका, टेकवा. टोक कप्प्याच्या मधोमध क्षणभर टेकवून उचला, ठिपका स्वतः पसरेल. पुरला नाही तर पुन्हा एकदा. मणी, बिया, खवले यांना ही रीत इतकी बसते की मध्यभागी थोडा गडद, कडेला फिकट असा गोलाईचा भासही फुकट मिळतो.

आणि सगळे कप्पे भरलेच पाहिजेत असं नाही. खूप दाट नक्षीत काही कप्पे पांढरे सोडले तर डोळ्याला विसावा मिळतो. आधी सगळ्या नक्षीवर एकच फिकट मार्कर फिरवून मग निवडक कप्प्यांत पेन चालवणं हाही चांगला मार्ग आहे. त्यात राहून गेलेला कप्पा पांढरा डाग होऊन डोळ्यात खुपत नाही.

फक्त पेनांनी छटा आणता येतात का?

येतात, आणि छोट्या जागेत मार्करपेक्षा जास्त ताबा राहतो. पेनची शाई फिकट-गडद होत नाही, तेव्हा फिकटपणा कागदाच्या पांढऱ्यातून आणायचा. सावलीकडे रेघा जवळजवळ, उजेडाकडे दूरदूर. रेघांवर तिरप्या रेघा टाकल्या की आणखी एक पायरी गडद. आडव्यावर बरोबर काटकोनात उभ्या टाकल्या तर जाळी दिसते, थोडा तिरका कोन ठेवला तर सावली दिसते. गोल वस्तूवर रेघाही वळलेल्या हव्यात, नाहीतर चेंडूची थाळी होते.

टिंबांनी सावली द्यायची असेल तर पेन उभा धरून टेकवा. घाईत टिंबांना शेपट्या फुटतात, आणि मग पोत उठतो तो पावसासारखा.

सावलीसाठी काळ्या पेनकडे लगेच वळू नका. पिवळ्यावर नारिंगी, नारिंगीवर तपकिरी, हिरव्यावर गडद निळा अशा रेघा जास्त जिवंत दिसतात. काळ्याने पिवळा मळतो, आणि छापलेली बाह्यरेषाही सावलीत हरवते.

छापलेली काळी रेषच मार्करने फासली जाते. दोष कुणाचा?

छपाईचा. इंकजेट प्रिंटरची शाई पुष्कळदा पाण्यात विरघळणारी असते. स्केचपेन लागला की ती पाघळते आणि पिवळा निब काळा होतो. लेझर प्रिंट किंवा फोटोकॉपी पावडरची असते, ती पाण्याला दाद देत नाही आणि सहसा अल्कोहोललाही टिकते. १९८७ मध्ये जपानमध्ये आलेल्या कॉपिक मार्करचं नावच ‘कॉपी’वरून पडलं आहे, कारण फोटोकॉपीवर रंगवलं तरी रेष न विरघळणारी शाई हे त्याचं वैशिष्ट्य होतं.

तरीही प्रत्येक प्रिंटर वेगळा. कोपऱ्यात छापलेल्या एखाद्या जाड रेषेवर वापरायचा मार्कर तीनदा फिरवून बघा. इंकजेटच हाती असेल तर प्रिंट रात्रभर वाळू द्या, आणि फिकट रंग रेषेला न टेकवता भरा.

स्वतः बाह्यरेषा काढणार असाल तर पाण्याला टिकणाऱ्या रंगद्रव्याच्या शाईचा फाइनलायनर घ्या आणि मार्कर फिरवण्याआधी किमान दहा मिनिटं थांबा. सीडीवर लिहायच्या पर्मनंट मार्करने रेष काढू नका. त्याची शाईही अल्कोहोलची, म्हणजे अल्कोहोल मार्करने ती विरघळणारच.

जेल पेन मध्येच थांबतो किंवा रेघेत पोकळ जागा सोडतो. का?

टोकाच्या गोळीवर वाळलेलं जेल, कागदाचे तंतू किंवा पेन्सिलीचं मेण अडकलेलं असतं, नाहीतर नळीत हवेचा बुडबुडा शिरलेला असतो. टोक ओलसर कापडावर फिरवा, मग रद्दीवर गोल गोल काढा. बुडबुडा दिसत असेल तर टोपण घट्ट लावून, टोक खाली राहील असा पेन धरून हात जोरात झटका. टोक जाळणं वगैरे उपाय करू नका, गोळीची बैठक बिघडते.

जेल पेन दाबायचा नसतो. दाबला की गोळी फिरायची थांबते आणि कागद खरवडला जातो. चकचकीत आणि धातूच्या रंगांचं जेल जाड बसतं, त्याला दहा-पंधरा मिनिटं हात लागू देऊ नका.

पांढऱ्या जेल पेनचा ठिपका राखाडी किंवा गुलाबी का होतो?

खालचा रंग अजून ओला असतो, किंवा पाण्याच्या शाईचा असल्याने जेलमध्ये विरघळतो. खालचा थर पूर्ण वाळू द्या. ठिपका घासून नका काढू, एक थेंब ठेवून पेन उचला, वाळल्यावर दुसरा थेंब वर. तरी रंग वर येत असेल तर तिथे अ‍ॅक्रिलिक पांढरा मार्कर वापरा.

टोपणाचा रंग आणि कागदावरचा रंग जुळत नाही.

जुळणारही नाही. टोपण प्लास्टिकचं, खाली कागद नाही. शिवाय अल्कोहोल शाई ओली असताना गडद दिसते आणि वाळल्यावर उजळते. ज्या कागदावर रंगवणार त्याच कागदाच्या तुकड्यावर प्रत्येक मार्करचा चौकोन करा: अर्ध्यात एक थर, अर्ध्यात दोन. खाली क्रमांक लिहा. हा तक्ता करायला एक संध्याकाळ जाते, पण नंतर मार्करच्या ढिगात हात घालून अंदाज बांधणं संपतं.

दाट चित्रात रंग कसे निवडावेत? शेवटी सगळं गिचमिड दिसतं.

रंग कमी करा. पाच ते सात पुरे, त्यात एक तरी मातकट किंवा राखाडी. सगळेच भडक असले तर कुठलाच उठून दिसत नाही.

खरं काम गडद-फिकटाचं असतं. आधी चित्राच्या तीन पातळ्या ठरवा: काय गडद, काय मध्यम, काय जवळजवळ पांढरं. शेजारचे दोन कप्पे वेगळ्या रंगांचे पण सारख्याच गडदपणाचे असले की नक्षी विरघळून जाते. मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करून बघा. तिथे आकार वेगळे दिसत नसतील तर रंगांतही दिसणार नाहीत. मंडलासारख्या पुनरावृत्तीच्या चित्रात एक पाकळी पूर्ण रंगवून मग पुढच्या पाकळीकडे जाऊ नका. एक रंग घ्या आणि तो जिथे जिथे येणार ते सगळे कप्पे फिरत फिरत भरा. मोजणी चुकत नाही, आणि तोवर पहिला कप्पा वाळलेला असतो.

पार्श्वभूमी शेवटी ठरवतात आणि तिथेच फसतात. ती गडद हवी असेल तर आतली नक्षी सुरुवातीपासून उजळ ठेवावी लागते.

चूक झाली. आता?

ताजा डाग पुसू नका. अल्कोहोल शाई रेषेबाहेर गेली असेल तर वाळू द्या, मग रंगहीन ब्लेंडरने बाहेरून आत, छोट्या टेकणीने ढकला. दर दोन टेकण्यांनंतर निब रद्दीवर पुसा. पूर्ण जाणार नाही, फिकट होईल. उरलेला भाग पांढऱ्या जेलने झाका किंवा शेजारचा कप्पा थोडा गडद करून त्यात बुडवा. रेष पुसट झाली असेल तर सगळं वाळल्यावर फाइनलायनरने पुन्हा काढा, आणि एकच रेष न जाडवता आजूबाजूच्या दोन-चारही जाडवा, म्हणजे दुरुस्ती ओळखू येत नाही.

स्केचपेनचा डाग ताजा असेल तर टिपकागद वरून दाबा, घासू नका.

वहीतल्या पुढच्या पानावर रंग उतरतो.

मागे जाड कार्डाचा तुकडा ठेवा आणि तो वरचेवर बदला. आधीची शाई प्यालेलं कार्ड तसंच राहिलं तर ती शाई अल्कोहोलने परत सैल होऊन पानाच्या पाठीला लागते. प्लास्टिकची शीट ठेवली तर खालचं पान वाचतं, पण शाईला जायला जागा न मिळून ती तळाशी साचते आणि आडवी पसरते. दोन्ही बाजूंना चित्रं छापलेल्या वहीत अल्कोहोल मार्कर वापरायचा हट्ट सोडा.

हात लागून रंग फासतो.

उजव्या हाताने रंगवणाऱ्यांनी वरच्या डाव्या कोपऱ्यातून, डावखुऱ्यांनी वरच्या उजव्या कोपऱ्यातून सुरू करावं. हाताखाली कोरा कागद ठेवा, तो सरकवू नका, उचलून ठेवा.

मार्कर कसे ठेवावेत, आणि सुकलेला जिवंत होतो का?

दोन्ही टोकांचे मार्कर आडवे. उभे ठेवले तर शाई खालच्या टोकाला जमते आणि वरचं कोरडं पडतं. एका टोकाचे मार्कर आणि जेल पेन टोक खाली करून. टोपण ‘टक’ वाजेपर्यंत दाबा.

स्केचपेन सुकला असेल तर निब एक-दोन सेकंद स्वच्छ पाण्यात बुडवून, टोपण लावून काही तास टोक खाली ठेवा. अल्कोहोल मार्कर पाण्याने बिघडतो. त्याला त्याच रंगाची रिफिल शाई लागते. आयसोप्रोपिल अल्कोहोलचे थेंब घालूनही तो चालू होतो, पण रंग फिका पडतो, कारण नवा रंग त्यात आलेलाच नसतो. निबाचे तंतू फिसकटले असतील तर शाई कितीही घाला, रेघ सुधारत नाही. निब बदलता येणारा मार्कर असेल तर जुना चिमट्याने सरळ ओढून काढा आणि नवा त्याच बाजूने बसवा.

अल्कोहोल मार्करचा वास त्रास देतो.

खिडकी उघडी ठेवा, एका वेळी एकच टोपण उघडा, जळती मेणबत्ती किंवा अगरबत्ती जवळ नको. लहान मुलांसाठी पाण्याचे स्केचपेनच बरे.

पूर्ण झालेलं चित्र किती टिकतं?

अल्कोहोल मार्कर आणि बहुतेक स्केचपेनांचा रंग विरघळणारा असतो, तो उन्हाने उडतो. गुलाबी, जांभळे आणि निऑन सगळ्यात आधी. रंगद्रव्याचे फाइनलायनर आणि अ‍ॅक्रिलिक जास्त टिकतात. भिंतीवर लावायचं तर ऊन न येणारी भिंत निवडा. पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, शाई त्याला चिकटू शकते. रंगवल्याच्या आठवड्यातच ३०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवा, फक्त निऑन आणि धातूचे रंग स्कॅनमध्ये फिके किंवा मळके येतात. त्यांचा फोटो खिडकीजवळच्या तिरप्या उजेडात वेगळा काढावा लागतो.